तीन अंगठ्यांचं प्रकरण

हमीरची चूक सिद्ध झाली, तर मला मिळणार होतं ते असं: केबिनवर 'मुख्य सुरक्षा अधिकारी' अशी पितळी पाटी, आणि मालक गोरधनशेठची शाबासकी, जी फुकट पडत असल्यामुळे शेठ सढळ हाताने देतात. हमीरचा जाणार होता दुखापतीच्या रजेचा एकवीस दिवसांचा पगार, आणि बहुधा नोकरीही.

मोरबीत टाइल्सचे कारखाने शेकड्याने असतील, पण धोक्याचा वास घेणारं नाक एकच, आणि ते माझ्या चेहऱ्यावर आहे. कुठली शिडी कधी घसरेल, कुठली वायर कोणाला चावेल, हे मी नुसतं बघून सांगतो. घसरल्यावर सांगतो, असं काही मत्सरी लोक म्हणतात. नाव अमथालाल कोठारी. आमच्या बोलीत 'अमथा' म्हणजे उगाच. नवसाच्या पोराला दृष्ट लागू नये म्हणून आईने ठेवलं. कारखान्यात मात्र ते माझं पद समजतात.

प्रकरण असं. भट्टीतून निघालेल्या टाइल्स पेट्यांत भरतात आणि तीन माणसं त्या पेट्या एका अरुंद वळणावरून गोदामात नेतात. तीन आठवड्यांत त्याच वळणावर तिघांच्याही पायावर पेटी पडली. दोघांची नखं गेली, हमीरच्या अंगठ्याचं हाड मोडलं. पायांत बूट कोणाच्याच नव्हते. कंपनीने दिलेले, लोखंडी टोपीचे बूट चार पावलं अलीकडे, भिंतीशी, नीट जोडीने ठेवलेले!

"अमथाभाई, फॉर्मात 'चूक कोणाची' असा रकाना आहे," शेठ म्हणाले. "बूट दिले होते, त्याने घातले नाहीत. हमीर लिहा आणि मोकळे व्हा."

"शेठ, कारण सापडल्याशिवाय मी लिहीत नाही."

"मग शनिवारपर्यंत शोधा. नाही सापडलं, तर हमीर."

यात हमीरची कणव नव्हती, हे कबूल करतो. रहस्य न उलगडता मिळालेली पाटी रोज कोण पुसणार?

वळणावर गेलो. ती जागा माझ्या अभिमानाची. पूर्वी तिथल्या भिंतीवर माव्याच्या पिचकाऱ्या असत आणि खालच्या ओल्यावर माणसं घसरत. धोक्यांच्या वहीत मी मांडलं होतं: शक्यता चार, इजा तीन, गुणाकार बारा. उपाय म्हणून दोन महिन्यांपूर्वी आमच्याच मालातल्या देवांच्या टाइल्स लावल्या. अंबामा, हनुमान, मक्का, क्रूस, गुरू नानक. कोणत्याही धर्माचा माणूस थुंकायला मोकळा सुटू नये. पिचकाऱ्या बंद, गुणाकार शून्य. वहीतलं माझं सर्वांत देखणं शून्य.

देवांना हात जोडले आणि भिंग काढलं. मोज्यांतून फरशी गार लागली. नोंद केली: फरशी गार.

पहिला सिद्धान्त, बूट चावतात. टेप घेऊन हमीरच्या घरी गेलो. बूट आठ नंबरचे. हमीरचा पाय प्लास्टरसकट अकरा भरला.

"तीन नंबरांनी लहान!" मी ओरडलो.

"साहेब, काय झालं ते सांगू का?" हमीर म्हणाला.

"साक्षीदाराने मध्ये बोलू नये."

"पण माझं नाव लिहिणार म्हणतात. पगार कापला तर खोलीचं भाडं कुठून देऊ?"

"तपास चालू आहे," मी भारदस्तपणे म्हणालो. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. पण विचारून कळलं तर तो तपास कसला? ती नुसती चौकशी.

दुसरा सिद्धान्त, बूटचोरांची टोळी. दोन तास पेट्यांमागे दबा धरला. चोर आला नाही. माझा खाखऱ्यांचा डबा मात्र गेला.

तिसरा जबरदस्त होता. फरशीवर सुपारीचं खांड सापडलं. म्हणजे शेजारच्या कारखान्याने आमच्या अंगठ्यांची सुपारी दिली होती!

"मग खांड मागे कशाला टाकतील?" शेठनी विचारलं. मी सिद्धान्त खोडला.

शनिवार उजाडला. शेवटचा उपाय म्हणून पेटी उचलून हमीरच्याच वाटेने निघालो. झाडलोट करणाऱ्या जीवीबेन केरसुणीवर हात टेकून बघत होत्या.

"अमथाभाई, हे काय नवीन?"

"अपघात पुन्हा घडवून बघतोय. बाजूला व्हा."

"पेटी भरलेली आहे."

"खरेपणासाठी."

"आणि बूट?"

"कोणाचे?"

"तुमचे. ते बघा."

मान वळवली. चार पावलं मागे, भिंतीशी, नीट जोडीने.

"हे मी कधी काढले?"

"रोज काढता! सगळेच काढतात. एवढ्या देवांपुढून पायांत कातडं घालून कोण जाईल? ती तिघं तर दिवसातून साठ वेळा जातात. बूट घालतील कधी?"

डोक्यात प्रकाश पडला आणि पायावर पेटी, दोन्ही एकदम.

उपाय केला की उपायाचाही धोका मोजावा, हे वहीच्या पहिल्या पानावर छापलेलं आहे. पहिलं पान कोण वाचतं?

संध्याकाळी शेठ फॉर्म घेऊन माझ्या प्लास्टरशेजारी बसले. "'देवाची करणी' लिहिलं तर?"

"त्यावर देवाची सही कोण आणणार?"

"मग हमीरच बरा."

मी पेन उघडलं. हमीर लिहायला तीन अक्षरं, अमथालाल लिहायला पाच. कमी अक्षरांचा मोह मोठा असतो. पण माझा अंगठा इतका ठणकत होता, की शेवटी पाचही लिहिली.

टाइल्स काढायला एकही गवंडी तयार होईना. देवावर हातोडा कोण चालवणार? "देव राहू देत, माणसांची वाट हलवा," जीवीबेन म्हणाल्या. समोरच्या भिंतीत दरवाजा पाडला.

तर कोणी काय भरलं: हमीरचा पूर्ण पगार आणि दरवाजाचा खर्च शेठनी. नखं दोघांनी. हाड हमीरने एक, मी एक. पाटी मी. आणि जीवीबेनच्या वाट्याला झाडायच्या दोन वाटा आल्या, जुनी देवांसाठी, नवी माणसांसाठी. पगार तोच.