मऊ उत्तराचा आवाज

पडेगावच्या चर्चचे पाळक शांतवन भालेराव यांचा आवाज मुळातच लहान. त्यात रागाला मऊ उत्तर द्यावं, हे त्यांनी नुसतं उपदेशात सांगितलेलं नव्हतं, अंगी बाणवलेलं होतं. म्हणून चर्चच्या पंचांच्या सभेत सूर्यभानकाका उठून "मला मान्य नाय" म्हणाले, तेव्हा शांतवन यांनी आपला आवाज आणखी थोडा खाली आणला.

ठराव साधा होता. चर्चवर पत्रे, डोक्यावर एप्रिलचं ऊन, तेव्हा रविवारची उपासना दहाऐवजी आठला घ्यावी. पण काकांना गेली पाच-सहा वर्षं काहीच मान्य नव्हतं. पंखे मान्य नव्हते, नवं फाटक मान्य नव्हतं, आणि आधीचे दोन पाळक तर इतके मान्य नव्हते की दोघांनीही हात टेकून बदली मागून घेतली होती. शांतवन यांचं पहिलं वर्ष संपत आलं होतं. त्यांना इथं कायम करायचं की दुसरीकडे धाडायचं, हे येत्या रविवारी मोठे पाळक येऊन ठरवणार होते. बायको प्रेरणा हिला नुकतीच जवळच्या शाळेत नोकरी लागली होती, त्यामुळे बदली हा शब्दही घरात कुणी काढत नव्हतं.

"का मान्य नाही, काका?" शांतवन यांनी मऊपणानं विचारलं.

"तोंडातल्या तोंडात काय पुटपुटता?"

शांतवन आणखी मऊ झाले. काका आणखी तापले. शेवटी पाळकांचे नुसते ओठ हलत होते आणि काका टेबलावर मूठ आपटत होते. हा माणूस मला उत्तरसुद्धा देत नाय, असं म्हणून ते चपला घालून चालते झाले.

प्रेरणानं घरी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की आधी जाऊन माफी मागून या, चूक कुणाची ते मग सावकाश बघू. नवरा फार चांगला आहे याचा तिला अभिमान होता, आणि फार चांगला आहे याचीच धास्तीही होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शांतवन काकांच्या दारात पोचले, तर काकांच्या बायकोनं, वच्छलाबाईंनी, त्यांना फाटकातच अडवलं.

"पाळकसाहेब, त्यांना ऐकू येत नाय," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "पाच-सहा वरसं झाली. लेकीनं मशीन आणलं, तर पेटीत टाकून दिलं. तुम्ही जोरात बोला. पण हे तुम्हाला ठावं हाय असं दिसू देऊ नका. लई लागतं त्यांच्या जिवाला."

शांतवन यांच्या डोळ्यांसमोर पंखे, फाटक आणि दोन पाळक ओळीनं येऊन उभे राहिले. कुणाला सांगणार नाही, असा त्यांनी वच्छलाबाईंना शब्द दिला आणि अंगणात गेले.

काका लिंबाखाली बाजेवर बसले होते. "सलाम, काका," शांतवन मंडळीतल्या रिवाजाप्रमाणे म्हणाले. काका लिंबाकडे बघत राहिले. दुसरा सलाम मोठा झाला. तिसरा बेंबीच्या देठापासून आला, आणि दावणीची शेळी उठून उभी राहिली.

"सलाम," काका म्हणाले. "बोला."

मग शांतवन बोलले. आपण माफी मागायला आलो आहोत, आपल्या मनात तसूभरही राग नाही, काकांबद्दल आपल्याला नितांत आदर आहे, हे सगळं त्यांनी मानेच्या शिरा ताणून, लालबुंद होऊन, दोन्ही हात हवेत फेकत सांगितलं. ऐकणाऱ्याला वाटावं, शेताच्या बांधावरून जुंपली आहे.

पलीकडच्या प्लॉटवर खुलताबादकडचे कारभारी नावाचे गृहस्थ नवीनच राहायला आले होते. ते तरातरा फाटकात आले. "ओ साहेब, म्हाताऱ्या माणसावर कशाला डाफरता? काय असंल ते हळू सांगा ना."

खरं कारण सांगावं तर दिलेला शब्द मोडत होता. शांतवन यांनी हात जोडले आणि चुकलं म्हणाले. तेवढ्यात काकांनी विचारलं, काय म्हणतोय हा? तेव्हा पाळकांना पुन्हा ओरडावं लागलं, "काका, हे म्हणतात मी हळू बोलावं."

कारभारींची सून श्रेया हिनं गच्चीवरून हे सगळं फोनवर टिपलं. वाऱ्यामुळे शब्द कळत नव्हते, चेहरा मात्र स्वच्छ दिसत होता. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ कुणाकुणाच्या फोनवरून चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर आला. गरीब गाय समजत होतो, निघाला मारका, असं लोक उघड बोलू लागले.

रविवारी उपासना झाल्यावर मोठ्या पाळकांनी व्हिडिओ पाहिला. त्यांचा आवाज शांतवन यांच्याहूनही मऊ. हे खरं आहे का, एवढंच त्यांनी विचारलं.

"ओरडलो हे खरं आहे," शांतवन म्हणाले आणि खाली बसले. प्रेरणानं त्यांना कोपरानं ढोसलं, तरी ते उठले नाहीत. वच्छलाबाई पदराचं टोक पिळत राहिल्या.

फोन मात्र बाकांवरून फिरत फिरत सूर्यभानकाकांच्या हातात पडला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि ते उठले.

"हे माझ्याच अंगणातलं हाय," ते म्हणाले. "आधीचे पाळक भले माणसं होते. पण मी काय बी इचारलं, की नुसते तोंड हलवायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याला कुणी मोजतच नाय. हा पैला माणूस, जो घरी आला अन् माझ्याशी बोलला." शांतवन यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

मोठ्या पाळकांनी चष्मा पुसला. मग अगदी हलक्या आवाजात ते म्हणाले, की शांतवन भालेराव यांना इथंच कायम करण्यात येत आहे.

काका अजून उभेच होते. "मला मान्य नाय," ते म्हणाले.

सगळी मंडळी शांतवन यांच्याकडे बघू लागली. वच्छलाबाईंनी तर हातच जोडले. पाळक उठले. स्वतःची नेमणूक स्वतःच्याच तोंडानं बोंबलून सांगण्याची वेळ कुणावर येऊ नये. त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

"काका, मला इथंच ठेवताहेत. अन् उपासना आठला."

"मग मान्य हाय," काका म्हणाले. "पण जरा हळू बोला की, पाळकसाहेब. मी काय बहिरा हाय?"

शांतवन मऊ उत्तर द्यायला गेले, पण घसा पार बसला होता.