बरणीतलं ऊन

आमच्या शेजारच्या नानांकडे प्यायला पाणी मागायची सोय नव्हती. ओट्यावर बारा बरण्या. त्यातली प्यायची कुठली आणि चार्ज होत असलेली कुठली, हे एकट्या नानांना ठाऊक.

नाना मूळचे शिंदखेड्याचे. धुळ्याच्या कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळून निवृत्त झाले, बायको गेल्यावर इथे मेहरूणला आले आणि पाण्याच्या बॅटरीच्या मागे लागले. बरणीत जस्ताची पट्टी, जुन्या सेलमधली काळी पूड आणि क्षाराचं पाणी. दिवसा ती सोलर पॅनेलवर भरायची, संध्याकाळी तिच्यावर दिवा लावायचा. "हिला आग लागत नाही, अक्का. पाणीच ते!" मे महिन्यात आम्ही ओला पंचा डोक्यावर घेऊन निपचित पडलेलो असताना नाना गच्चीवरून ओरडायचे, "बठ्ठं ऊन वाया जाई ऱ्हायनं!"

मी तेव्हा पासष्टीची अल्लड पोर. एकदा त्यांचा कूलर कोरडा दिसला, म्हणून शेजारधर्माने हाताला लागली ती बरणी त्यात ओतली. चार महिने जपलेली बॅटरी कूलरच्या गवतात जिरली! नाना रागावले नाहीत. म्हणाले, "आता शिक्षा. रोज सहाला यायचं. मीटर मी वाचीन, तुम्ही वहीत लिहायचं. शास्त्राला साक्षीदार लागतो."

मी गेले. नुसती गेले नाही, मिरवलं! भजनी मंडळात सांगितलं, "सहाला मला बोलावू नका, संशोधन असतं." लेकीकडे नाशिकला दोन दिवसांवर राहिले नाही. माझ्यावाचून जगाची वीज अडली असती ना!

दोन वर्षांनी नानांची भाची आली. ती पुण्यात ह्याच बॅटऱ्यांवर संशोधन करते. वही बघून हसली.

"मामा, अजून हाताने लिहिता? मी दिलेला हा डबा दर मिनिटाला आपोआप नोंद करतो. पहिल्या दिवसापासूनचं सगळं आहे ह्यात."

नाना एकाएकी बरणी पुसायला लागले. बरणी स्वच्छच होती. माझ्याकडे काही बघेनात.

दुसऱ्या दिवशी भाची परत गेली. सहाला मी दारात उभी. नाना मीटरसमोर बसलेले, वही मिटलेली. चहाचे कप मात्र दोन.

"आते काय काम शे, अक्का," ते पुटपुटले. "डबा लिहितोच की."

"शिक्षा डब्याला झालीय का मला?" मी वही उघडली. "वाचा."

"एक पूर्णांक चार."

मी लिहिलं. मग म्हटलं, "परत वाचा, नाना. नीट ऐकू आलं नाही."

माझे कान आजही ठणठणीत आहेत.