दत्तूअण्णा आणि सव्वीस मिस्त्री

दत्तूअण्णांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, कॅलिपर असायचा. कारखान्यात वस्तूची जाडी मोजायला वापरतात तो, पोलादी, जबड्यासारखा उघडणारा. निवृत्त होऊन वर्ष झालं तरी त्याचा मुक्काम खिशातच होता, आणि समोर काही गोल दिसलं की तो बाहेर यायचा. संक्रांतीला मी अण्णांच्या हातावर दोन तिळाचे लाडू ठेवले. त्यांनी पहिला मोजला, दुसरा मोजला, लहान निघाला तो तोंडात टाकला आणि म्हणाले, "चव एक नंबर हाय. साइज तेवढी स्वल्प पुढं-मागं झालीय वो, टीचरबाई."

स्वल्प म्हणजे थोडंसं. बंगळूरला राहणाऱ्या मराठी माणसाच्या तोंडी हा शब्द भाजीवाल्यापासून बसतो आणि मग जात नाही. अण्णा तर मूळचे निपाणीकडचे, मराठी आणि कन्नड दोन्ही घरचीच. यशवंतपूरच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं काढून, फोरमन होऊन ते निवृत्त झाले होते. मी पुण्याची. नवऱ्याला इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी लागली म्हणून नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आम्ही इथे आलो, आणि घरी बसून कंटाळले तेव्हा बनशंकरीतल्या एका बालवाडीत मी शिकवायला लागले. दोन खोल्या, एक अंगण, नारळाचं एक झाड आणि सव्वीस मुलं. मुलांना हाताने करून शिकू द्यायचं, असं आमच्या मुख्याध्यापिका वत्सला मॅडमचं मत होतं. म्हणजे आम्ही त्यांना मणी ओवायला द्यायचो आणि सुई टोचेल म्हणून शेवटी आम्हीच ओवायचो.

जुलैतल्या एका सकाळी हातात तेलाचा डबा घेतलेले एक गृहस्थ फाटक उघडून थेट झोपाळ्याकडे गेले. मॅडमनी मला विचारलं, "यारू इवरू?" हे कोण, ते मलाही ठाऊक नव्हतं. गृहस्थांनी साखळीच्या चारही टोकांना तेल घातलं, झोपाळा एकदा हलवून कान लावला, आणि मग आमच्याकडे वळले.

"मी मागच्या गल्लीत ऱ्हातो. पंधरा दिवस हे रडतंय, तुमच्यात कुणालाच ऐकू येत न्हाई काय?"

दुसऱ्या दिवशी ते डगमगणाऱ्या बाकासाठी आले. तिसऱ्या दिवशी नळासाठी. आठवड्याभरात शाळेतलं सगळं दुरुस्त झालं आणि तरीही ते येत राहिले, तेव्हा मॅडमनी त्यांना वर्गात एक खुर्ची दिली. ती त्यांनी भिंतीला लावून ठेवली आणि तिच्यावर कधी बसले नाहीत.

महिन्याभरात माझ्या वर्गाचा कारखाना झाला. दारापाशी एक फळी आली, तिच्यावर खिळ्यांच्या दोन रांगा आणि एका रांगेवर पितळेचे सव्वीस बिल्ले. आलेल्या मुलाने आपला बिल्ला उचलून समोरच्या खिळ्यावर टांगायचा, म्हणजे हजेरी लागली. साडेनऊला अण्णा तोंडाने भोंगा वाजवायचे. इतका हुबेहूब, की समोरच्या घरातल्या आजी त्यावर कुकर लावायच्या. मुलांना ते बाळ, सोनू वगैरे काही म्हणायचे नाहीत. प्रत्येक जण मिस्त्री. चार वर्षांची चैत्रा मिस्त्री आणि साडेतीन वर्षांचा, अजून बोबडं बोलणारा इरफान मिस्त्री. भांडण झालं की ते दोघांना समोरासमोर उभं करून विचारायचे, "काम कुणाचं थांबलं?" ज्याचं थांबलं असेल त्याचं आधी ऐकायचं, हा नियम.

आणि काम खरं असायचं. चिंचोके मोजायचे ते कागदावर नाही, बरणीत. पाणी मोठ्या भांड्यातून लहान भांड्यात ओतायचं, सांडलं तर स्वतः पुसायचं. लाकडाच्या तुकड्याला सँडपेपर लावून तो गालाला टोचणार नाही इतका मऊ करायचा. नट आणि बोल्ट यांची लग्नं लावायची. कुणी चुकलं आणि मी पुढे झाले, की मागून आवाज यायचा, "टीचरबाई, थांबा. त्याला त्याच्या हाताला विचारू द्या."

"अण्णा, तासभर झाला, त्याचा बोल्ट बसत नाहीये."

"मग काय झालं? मला एकदा तीन दिवस बसला नव्हता."

मी बालशिक्षणाचा रीतसर कोर्स केला होता, प्रमाणपत्र होतं माझ्याकडे. सुरुवातीला मला त्यांचा राग यायचा. मग एकदा इरफानने तो बोल्ट बसवला. कुणाला न सांगता, फक्त स्वतःच्या हाताकडे बघत बसला. त्या दिवसापासून माझं प्रमाणपत्र मी जरा सैल धरलं.

पालकांना मात्र हे सगळं पटत नव्हतं. त्या काळात मोठ्या इंग्रजी शाळांत पहिल्या प्रवेशासाठी मुलांचीच मुलाखत घ्यायचे, आणि डिसेंबर जवळ आला की पालकांची झोप उडायची. दिवाळीनंतर देशमुख शाळेत आले. नागपूरचे, सॉफ्टवेअरमध्ये, अंगाने भरभक्कम आणि स्वभावाने काळजीखोर. त्यांची मुलगी रेवा आमच्या वर्गात सगळ्यांत लहानखुरी. ती चार माणसांसमोर एक अक्षर बोलायची नाही. वर्गातही कामापुरतं बोलायची, तेही अण्णांशी.

"मॅडम, मी तिला शाळेत पाठवतो की गॅरेजमध्ये?" ते म्हणाले. "रोज घरी येते ती डोक्यात लाकडाचा भुसा घेऊन. महिन्याभरात इंटरव्ह्यू आहे तिचा. ते विचारतील अ‍ॅपल कुठलं, तर ही त्यांना काय दाखवणार आहे? सँडपेपर?"

ते एकटे नव्हते. दहा-बारा पालकांच्या सह्यांचं पत्र त्यांनी मॅडमच्या टेबलावर ठेवलं. पुढच्या महिन्यापासून वह्या सुरू करा, आणि त्या गृहस्थांचं येणं बंद करा. नाहीतर मुलं काढून नेऊ. सव्वीसातली बारा गेली असती तर शाळा चाललीच नसती. मॅडमनी शनिवारी सगळ्या पालकांना बोलावलं आणि अण्णांना सांगितलं, की त्या दिवशी मुलांनी काहीतरी करून दाखवलं पाहिजे.

"दाखवायला सर्कस हाय काय ही?" अण्णा म्हणाले आणि आठवडाभर तयारी म्हणून काहीही केलं नाही.

त्या आठवड्यात अंगणात वेगळंच काम चाललं होतं. झोपाळ्याच्या वाटेत इडलीचं पीठ वाटायचा एक जुना दगडी रगडा पडला होता. माळ्याने आणि त्याच्या भावाने जोर लावून पाहिला होता, तो हलला नव्हता. अण्णांनी एक दहा फुटी जाड फळी आणली, एक मुठीएवढा उंच लाकडी ठोकळा आणला, आणि मुलांना म्हणाले, "हे बाजूला करायचंय. मी करणार न्हाई." सव्वीस मिस्त्री चार दिवस त्या फळीवर लोंबकळत होते. ठोकळा इकडे, ठोकळा तिकडे. शुक्रवारी दुपारी रगडा झाडाखाली जाऊन बसला होता. कसा, ते मी पाहिलं नाही. मी वर्गात शनिवारसाठी तोरणं चिकटवत होते.

शनिवारी पालक मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर दाटीने बसले. मॅडम बोलल्या, मी बोलले, कुणाच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मग देशमुख उठले.

"मला एवढंच सांगा. चार महिन्यांत माझी मुलगी काय शिकली?"

मी उत्तर जुळवत होते तोवर अण्णा भिंतीजवळून म्हणाले, "तिलाच विचारू की. रेवा मिस्त्री, काय शिकलीस?"

सगळे रेवाकडे बघत होते आणि ती जमिनीकडे. देशमुखांचा चेहरा पडला. आपलं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद त्यात नव्हता, नुसती काळजी होती. मला वाटलं, झालं, संपलं.

तेवढ्यात रेवाने वडिलांचं एक बोट धरलं आणि त्यांना ओढत अंगणात नेलं. आम्ही सगळे मागोमाग गेलो. फळी ठोकळ्यावर तशीच होती. तिने वडिलांना एका टोकाला उभं केलं, स्वतः धावत दुसऱ्या टोकाला गेली आणि फळीवर पोटावर आडवी पडली. काहीही झालं नाही. मागून कुणीतरी हसलं.

ती उतरली. वडिलांच्या गुडघ्याला ढकलून त्यांना खाली उतरवलं, ठोकळा दोन्ही हातांनी त्यांच्या बाजूला सरकवला, त्यांना पुन्हा चढवलं. पुन्हा धावत दुसरं टोक. फळी करकरली, पण हलली नाही. माझे पाय पुढे निघाले होते. अण्णांनी माझ्याकडे न बघता मान हलवली. त्यांच्या कपाळावर घाम होता, हेही मी तेव्हाच पाहिलं.

तिसऱ्या वेळी ती घाईत नव्हती. फळीच्या बाजूला उकिडवी बसून तिने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग ठोकळा इतका सरकवला, की तो वडिलांच्या बुटांपासून जेमतेम वीतभर राहिला. आता तिच्या बाजूचं टोक तिच्या छातीशी आलं होतं. तिने दोन्ही हात त्याच्यावर टाकले, पाय उचलले आणि लोंबकळली.

फळी सावकाश तिच्या बाजूने खाली आली आणि ऐंशी-पंच्याऐंशी किलोचे देशमुख चार बोटं वर उचलले गेले.

"अरे," ते हळू आवाजात म्हणाले, आणि तोल सावरायला त्यांनी हात पसरले.

"बाबा, हलू नका," रेवा म्हणाली. खणखणीत, चाळीस माणसांसमोर. "मी धरलंय तुम्हाला."

ते हलले नाहीत. तिथेच चार बोटं वर उभे राहून ते लेकीकडे बघत राहिले, आणि मग इतके मोठ्याने हसले की फळी थरथरली. त्यानंतर अंगणात काय झालं ते सांगायला नको. प्रत्येक मुलाला आपापले आईबाबा उचलायचे होते. पालक रांगेत उभे होते आणि मिस्त्री त्यांना ओरडत होते, मधे उभे राहू नका, टोकाला जा. इरफानच्या आईला त्याने दुसऱ्याच प्रयत्नात उचललं. शेवटी वत्सला मॅडम स्वतः पदर खोचून फळीवर चढल्या. पत्राचं पुढे काय झालं विचाराल, तर ते मॅडमच्या टेबलावरून कुणी उचलून नेलं मला माहीत नाही. सोमवारी तिथे नव्हतं. रेवाला मुलाखतीत अ‍ॅपल विचारलं, ते तिने दाखवलं. मग त्यांचं टेबल डगमगतं म्हणून कागदाची घडी पायाखाली घालून आली. प्रवेश मिळाला.

त्या शनिवारी पालकांनीच मॅडमना सांगितलं, की अण्णांना रीतसर शिक्षक म्हणून घ्या. मॅडमनी तिथेच पत्र लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते द्यायला मी अण्णांच्या घरी गेले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

दार त्यांच्या पत्नीने उघडलं, सुशीलाक्कांनी. अण्णा फोनशेजारी इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. मला बघून नुसती मान हलवली.

"शेखरचा फोन यायचाय," सुशीलाक्का मला आतल्या दाराशी नेत हळूच म्हणाल्या. "आमचा मुलगा. अमेरिकेत असतोय. दर रविवारी करतोय फोन. हे म्हणतात बरा हाईस काय, तो म्हणतो बरा हाय, तुमचं बीपी? झालं, की फोन माझ्या हातात."

मी त्यांना सांगितलं, की अण्णा मुलांशी किती छान बोलतात.

"तो लहान असताना ह्यांच्या हत्यारांपाशी जाऊन बसायचा," त्या म्हणाल्या. "हे हात लावू द्यायचे न्हाईत. माझे हात काळे झाले तेवढे बास, तू पुस्तक धर म्हणायचे. एकदा हातावर मारलं पण. परत गेला न्हाई तो तिकडं. शिकला, मोठा इंजिनीअर झाला. ह्यांच्याशी काय बोलावं, ते त्याला ठाऊकच न्हाई."

फोन वाजला. अण्णांनी उचलला. बरा हाईस काय, झालं. बीपी बरं हाय, झालं. सुशीलाक्का सवयीने पुढे झाल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

अण्णांनी फोन दिला नाही.

"शेखर," ते म्हणाले, "वेळ हाय काय तुला स्वल्प? काल एक गंमत झाली. एक फळी होती, दहा फुटी."

ते सांगू लागले. रिकाम्या हाताने ते हवेत दाखवत होते, ठोकळा असा, पोरगी अशी, तिचा बाप इथं. मधेच थांबले, ऐकत राहिले.

"न्हाई, सागवानी न्हाई. आंब्याची. दोन इंची." पुन्हा ऐकलं. "मी? मी हात लावला न्हाई रे. लांब उभा होतो." मग बराच वेळ पलीकडूनच बोलणं चाललं होतं आणि अण्णा नुसतं हुं म्हणत होते. मग म्हणाले, "तू आलास की करू की. तू सरकव ठोकळा, मी बघतो."

सुशीलाक्कांचा हात अजून पुढेच होता. त्यांनी तो पदरात घेतला, मला खूण केली, आणि आम्ही दोघी आवाज न करता स्वयंपाकघरात गेलो.