दादा, ही वायर ओढू नकोस

"तीन रविवार," दाताचे डॉक्टर बायकोला म्हणाले. "चौथ्या रविवारी गाडी रस्त्यावर."

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने मान वर न करता सुचवलं, की एखादा मेकॅनिक बोलवावा. डॉक्टरांना ते लागलं. जो माणूस तीस वर्षं दुसऱ्याच्या तोंडात बॅटरीचा झोत टाकून, जिभेची लुडबुड सोसत, दाढेच्या मुळातून केसाएवढी नस ओढून काढतो, त्याने एका इंजिनासाठी मेकॅनिक बोलवायचा? इंजिनाला जीभ नसते. ते मध्येच तोंड मिटत नाही, आणि "अजून किती वेळ?" असं डोळ्यांनी विचारत नाही.

गाडी घराला लागून असलेल्या गॅरेजात चादरीखाली उभी होती. लाल रंगाची, दोनच माणसांची, कापडी टप मागे दुमडला की वरून पूर्ण उघडी. एके काळी ती सुरू झाली की गल्लीतल्या खिडक्या उघडायच्या. डॉक्टर सत्तावीस वर्षांचे आणि त्यांचा धाकटा भाऊ चोवीसचा असताना दोघांनी मिळून ती जुनीच घेतली होती. चालवायचे डॉक्टर आणि जिवंत ठेवायचा धाकटा. धाकट्याचं कामच ते. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, अडकलेल्या माणसांना बाहेर काढायचा, आणि कुठलंही यंत्र नुसतं कानाने ओळखायचा. पुढे दोघांची लग्नं झाली, दोन सीटच्या गाडीला चार माणसं झाली, तरी रविवारी सकाळी त्या दोन सीटवर हे दोघेच. बायकांनीही ते सोडून दिलं होतं.

मग एका रविवारी धाकटा गाडी घेऊन एकटाच गेला. त्याने ती परत आणून दारात लावली आणि त्या रात्री पाऊस झाला. सकाळी टप उघडा आणि सीटवर घोटाभर पाणी! डॉक्टर चारचौघांसमोर म्हणाले, "तुझ्या हातात दिलेली एक वस्तू धड राहत नाही." धाकट्याने किल्ली टेबलावर ठेवली आणि तो गेला. त्याला आता अकरा वर्षं झाली होती.

खरी बोच पुढेच होती. दोन वर्षांनी डॉक्टरांनी सहज टप ओढून पाहिला, तर त्याचा हूक बसेना. धाकट्याने टप लावला होता, तो वाऱ्याने आपोआप उघडला होता. आणि तो हूक डॉक्टरांनी स्वतःच, मोठ्या हौसेने, दाताच्या सिमेंटने चिकटवला होता! तेव्हा फोन करायला हवा होता. डॉक्टरांनी तो हातात घेतलाही. पण दोन वर्षांनी फोन करून हुकाबद्दल काय बोलायचं? मग तीन वर्षं झाली, मग पाच. जितका उशीर होत गेला, तितका फोन जड होत गेला.

आणि गेल्या महिन्यात, रस्त्याच्या पलीकडे बसस्टॉपवर त्यांना धाकटा दिसला. केस पांढरे झालेले, खांद्याला हत्यारांची पिशवी, एक हात गालावर. त्याचं लक्ष नव्हतं. डॉक्टर हाक मारायला म्हणून थांबले, तेवढ्यात बस मध्ये आली, आणि बस गेली तेव्हा तोही गेला होता. त्याच दिवशी घरी येऊन त्यांनी गाडीवरची चादर काढली. बायकोला सांगितलं, की विकायची तर चालू स्थितीत हवी. मनात काही वेगळंच होतं. गाडी धाकट्याच्या गल्लीतून एकदा न्यायची. थांबायचं नाही, हॉर्न द्यायचा नाही. त्याच्या कानावर इंजिन पडलं की पुरे. तो ओळखेल.

पहिल्या रविवारी डॉक्टरांनी दात खरवडायच्या हत्यारांनी इंजिनाचे अर्धे भाग साफ केले. जोडणी झाल्यावर सात स्क्रू उरले. ते त्यांनी कवळी ठेवायच्या डबीत टाकले आणि मुळात कारखान्यानेच जास्तीचे दिले असावेत असं ठरवलं. दुसऱ्या रविवारी दोन्ही सीट काढून, खालचे लोखंडी रूळ घासून, त्यांना तेल पाजून परत बसवल्या. सीट अशी सरकत होती, की बर्फावर सरकावी. गाडीही सुरू झाली! म्हणजे एकदा मोठ्याने शिंकली आणि बंद पडली, पण तेवढ्यावर डॉक्टर दिवसभर शीळ घालत होते.

तिसऱ्या रविवारी उरलं होतं फक्त दिव्यांचं काम. त्याच्या वायरी डॅशबोर्डच्या खाली, पायांच्या जागेत वर बघितल्याशिवाय दिसत नव्हत्या. डॉक्टरांनी विचार केला, की रोगी जसा खुर्चीत आडवा होतो तसं आपणही व्हावं. ते सीटवर उलटे आडवे झाले. डोकं खाली पेडलपाशी, पाय पाठीच्या आधारावरून वर गॅरेजच्या छताकडे. बॅटरी दातांत धरली. समोर वायरींचं जंगल होतं. त्यातली एक निळी वायर त्यांना उगाच लोंबत असल्यासारखी वाटली. त्यांनी ती ओढली.

हॉर्न वाजायला लागला. डॉक्टर दचकले, त्यांनी पाय आखडून घेतले, आणि ती बर्फासारखी सीट सर्रकन पुढे सरकून कट्ट असा आवाज करून बसली. डॉक्टरांचे खांदे पायांच्या जागेत बूच बसावं तसे बसले. सीट सोडवायचा दांडा बरोबर त्यांच्या पाठीखाली. तुटलेली वायर खांदा आणि गाडीचा पत्रा यांच्या मध्ये. हळू श्वास घेतला तर शांतता, मोठा घेतला तर हॉर्न.

बॅटरी तोंडातून पडून कानाशी थांबली होती. तिच्या उजेडात त्यांना निळ्या वायरीला गुंडाळलेली एक कागदाची पट्टी दिसली. वर चिकटपट्टी, खाली धाकट्याचं तिरकं अक्षर.

"दादा, ही वायर ओढू नकोस."

केव्हा लिहिलं असेल त्याने हे? पंधरा वर्षांपूर्वी? वीस? म्हणजे आपण कधी तरी इथे डोकं घालणार, आणि नेमकी हीच ओढणार, हे तो तेव्हापासून धरून चालला होता. डॉक्टरांनी पट्टी पुन्हा वाचायला मान उचलली. हॉर्न वाजला.

आवाज ऐकून बायको आली. तिला गाडीतून वर आलेले दोन मोजे दिसले. तिने आधी ते धरून जोर लावला. एक मोजा तिच्या हातात आला, डॉक्टर जागेवरच राहिले. तेवढ्यात शेजारचे निवृत्त न्यायाधीश आले. त्यांच्या दाढेवरची टोपी दोन दिवसांपासून हलत होती, आणि हॉर्न वाजतोय म्हणजे डॉक्टर कुठे तरी निघाले, असा त्यांनी निष्कर्ष काढला होता. त्यांनी पायांकडे बघून विचारलं, की हा व्यायाम आहे की अपघात. अपघात आहे असं कळल्यावर त्यांनी सहानुभूती दाखवली, दुसऱ्या बाजूचं दार उघडून शेजारच्या सीटवर गुडघे टेकले, खाली वाकले आणि तोंड उघडलं. डॉक्टरांनी नाइलाजाने बॅटरी उचलून आत पाहिलं.

"वरची डावी," ते म्हणाले.

"खालची उजवी आहे," न्यायाधीश म्हणाले.

"तेच म्हणतोय मी."

न्यायाधीशांनी साक्षीदाराकडे बघावं तसं त्यांच्याकडे बघितलं आणि उद्या येतो म्हणाले.

बायको बाजूला उभी राहून धाकट्याला फोन लावत होती. तिला नंबर शोधावा लागला नाही. हे डॉक्टरांच्या उलट्या डोक्यातही टिपलं गेलं. म्हणजे इतकी वर्षं या दोघांचं बोलणं चालू होतं! त्याला फोन करू नकोस, असं ते जीव तोडून ओरडले, पण जीव तोडला की हॉर्न वाजत होता, त्यामुळे तिला काही ऐकू गेलं नाही.

"भावोजी, हे अडकलेत," ती म्हणाली. पलीकडून कितवा मजला म्हणून विचारलं असावं. "तळमजला," ती म्हणाली. "गाडीत. उलटे."

चाळीस मिनिटं गेली. डॉक्टर हळू हळू श्वास घेत पडून होते. त्याने यावं असं वाटत होतं, आणि असं उलटं बघायला येऊ नये असंही. मग गॅरेजच्या दाराशी पावलं वाजली. उघड्या दारातून त्यांना फक्त बूट दिसले, ग्रीसचे डाग पडलेले. बूट गाडीपाशी येऊन थांबले.

"आत किती जण आहेत?"

लिफ्टमध्ये अडकलेल्यांना तो हाच पहिला प्रश्न विचारायचा. अकरा वर्षांनी भावाच्या तोंडून आलेलं पहिलं वाक्य ते होतं.

"एक," डॉक्टर म्हणाले.

"श्वास घेता येतोय?"

"येतोय. हळू."

"घाबरू नका. हालचाल करू नका."

नका. डॉक्टरांनी डोळे मिटले. सख्ख्या भावाला तो अहोजाहो करत होता. त्याने ओरडावं, हसावं, टपाचा विषय काढावा, काहीही करावं, पण हे नको, असं त्यांना झालं. धाकटा दुसऱ्या सीटवर गुडघ्यांवर बसला. वाकला. बॅटरीचा झोत डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून वर गेला आणि निळ्या वायरीवर थांबला. बराच वेळ थांबला.

"ओढलीस ना?" धाकटा म्हणाला.

"ओढली."

डॉक्टरांनी खोल श्वास घेतला आणि हॉर्नला वाजू दिलं.

सुटका पाच मिनिटांत झाली. धाकट्याने सीटच्या खाली हात घातला, दोन नट सैल केले आणि भावाच्या काखांत हात घालून त्यांना ओढून काढलं. डॉक्टर लाल झाले होते, एका पायात मोजा नव्हता. त्यांनी हुकाबद्दल सांगायला सुरुवात केली. टप, सिमेंट, वारा, असं काहीसं अडखळत बोलले. धाकटा हात पुसत म्हणाला, की त्याला ठाऊक आहे, वहिनीने तेव्हाच सांगितलं होतं. मग तू फोन का केला नाहीस, असं विचारायचा डॉक्टरांना धीर झाला नाही, कारण हाच प्रश्न उलटा आला असता. धाकट्याने पिशवी खांद्याला लावली, आणि त्याचा एक हात गालावर गेला.

"कधीपासून दुखतेय?" डॉक्टरांनी विचारलं.

"वर्ष झालं."

"मग दाखवली नाहीस कोणाला?"

"दुसऱ्या डॉक्टरकडे कसा जाणार?" धाकटा म्हणाला. आवाजात थोडा राग होता.

दवाखाना पुढच्याच खोलीत होता. दिवा लावून, हात तीनदा धुऊन डॉक्टर त्याच्यापाशी बसले. अकरा वर्षं मनात घोकलेलं एक भाषण होतं, त्यात चुकलो हा शब्द चार वेळा होता, आणि आता ऐकणाऱ्याचं तोंड उघडं होतं, त्याला मध्येच उठून जाता येणार नव्हतं. अशी संधी पुन्हा आली नसती. डॉक्टरांनी घसा साफ केला.

"ब्रश नीट करत नाहीस तू," ते म्हणाले.

धाकट्याच्या डोळ्यांच्या कडांना पाणी आलं. दुखतंय का म्हणून विचारलं, तर त्याने नाही म्हणून मान हलवली. मग तोंडात आरसा असतानाच तो काहीतरी बोलला. लांबलचक, नुसतं आ-ऊ. पण तीस वर्षं उघड्या तोंडातलं बोलणं ऐकणाऱ्या माणसाला ते लख्ख कळलं. "दादा, सीटचे रूळ उलटे बसवलेस."

डॉक्टरांनी न कळल्यासारखं केलं.

"अजून मोठा आ कर," ते म्हणाले.