यान आणि मिस्टर अहो

या इवल्याशा बेट-देशात, ईस्ट कोस्टच्या आमच्या कॉन्डोत लिफ्ट कुणी न बोलावताच वर-खाली करायची. आत आमचा शेजारी यान गिटार घेऊन उभा असायचा. लिफ्टमध्ये आवाज छान घुमतो म्हणे! पन्नाशी उलटलेला, ताडमाड डच गडी. दार उघडलं की मुकाट आत शिरायचं आणि आपला मजला येईपर्यंत गाणं ऐकायचं, दुसरा इलाज नाही.

रोज गाणं नवं आणि वाक्य तेच, "धिस वन इज द वन!" हॉलंडमध्ये तीस वर्षं कुणी कान दिला नाही, म्हणून इथे एका हॉटेलात लोकांच्या नाश्त्याच्या वेळी गायचा. "आज एकानं टाळ्या वाजवल्या," एकदा खुशीत म्हणाला. मग प्रामाणिकपणे, "वेटरला बोलावत होता."

त्यात माझी आई आमच्याकडे राहायला आली. एरवी मला नावानं हाक मारणारी माझी बायको मंजिरी सासूसमोर एकदम 'अहो'वर आली. "अहो, कचरा! अहो, टॉवेल! अहो, ऐकू येतंय का?" मला येवो न येवो, भिंतीपलीकडे यानला स्वच्छ यायचं. एके दिवशी लिफ्टमध्ये म्हणतो कसा, "गुड मॉर्निंग, मिस्टर अहो!"

माझी लेक इथल्या पोरांच्या बोलीत किंचाळली, "बाबा, सो एम्बॅरसिंग लाह!" मी त्याला समजावलं, बाबा रे, हे नाव नव्हे, आमच्यात बायका नवऱ्याला अशी हाक मारतात.

"नाव न घेता? आणि तरी तुला कळतं, तुलाच बोलावतेय?"

"न कळून सांगतोय कुणाला!"

विचारात तो स्वतःचा मजला विसरून वर निघून गेला.

आठवड्यात गाणं तयार! त्यात 'अहो' पन्नासदा, आणि त्यानं ते लगेच इंटरनेटवरही टाकलं. "माझी किरकिर जगभर नेतोय मेला," मंजिरी म्हणाली. आणि काय सांगू, हॉलंडनं ते गाणं डोक्यावर घेतलं. तिथल्या मोठ्या थिएटरात एकट्या यानचा कार्यक्रम ठरला. निघताना त्यानं गिटारची पेटी दोनदा उघडून पाहिली. "लोक आले नाहीत, तर पुन्हा गिटारला हात लावणार नाही," म्हणाला. मी धीर द्यायला पाठ थोपटायला गेलो, हात पोचला कमरेपर्यंत.

कार्यक्रम संपल्यावर त्याचा फोन आला. तिकडे मध्यरात्र, आमच्याकडे सकाळचा चहा चालला होता. "फुल हाऊस, मिस्टर अहो! अख्खं थिएटर गात होतं!" मी घरात सगळ्यांना सांगितलं, आम्ही टाळ्या पिटल्या. मग म्हणाला, "आता हॉटेलवर आलोय. सांगायला कुणी नव्हतं, म्हणून तुम्हाला फोन केला."

मला भरूनच आलं. आईला इंग्रजीचं अक्षर कळत नाही. पण माझा चेहरा पाहून तिनं माझ्या हातून फोन ओढला. "जेवलास का रे?"

फोन परत घेऊन ती काय विचारतेय, ते मी त्याला सांगितलं. "सगळ्यांनी विचारलं, कसं वाटतंय," तो म्हणाला. "हे कुणीच नाही. नो, मदर. आय हॅव नॉट ईटन."

"नाही जेवला," मी आईला म्हणालो.

तिनं मला स्पीकर लावायला सांगितला आणि फोन टेबलावर मधोमध ठेवला. "आधी खाऊन घे म्हणावं. आम्ही बसलोय इथे."

तिकडे तो पाव खाऊ लागला. ऑफिसची वेळ टळून गेली, पण आमच्यापैकी फोन कुणी ठेवला नाही.