रेफ्रीचा तंग शर्ट

"सामना खेळतात पोरं आणि निकाल लावतो रेफ्री! लिहून घ्या माझ्याकडून!"

असं टेलरमास्तर म्हणाले की समजायचं, कात्री बाजूला पडली. आता तासभर कुणाचीही पँट पुढे सरकत नाही!

मास्तरांच्या दुकानात एक बाकडं होतं आणि त्यावर कॉलेजच्या बास्केटबॉलचे सगळे जाणकार येऊन बसत. जाणकार म्हणजे ज्यांनी जन्मात कधी चेंडूला हात लावला नाही, असे. त्यांतला सगळ्यात तोंडाळ शेजारचा सलूनवाला. मास्तरांचा लहानपणापासूनचा मित्र, त्यामुळे मास्तर पूर्व म्हणाले की हा पश्चिम म्हणणारच.

"काहीतरीच काय मास्तर! शिट्टी फुंकून कधी कुणी जिंकलंय का?"

"आणि जिंकवणारीलाच बाहेर बसवलं तर? गेल्या वर्षी माझ्या चिमणीला पाच फाउल देऊन हाकललं की नाही? त्याच्या आदल्या वर्षी?"

"मग चिमणीनं कोपर आवरावं की!"

"तिचं कोपर मऊ आहे!" मास्तर ओरडले.

चिमणी म्हणजे मास्तरांची लेक. नावावर जाऊ नका, दुकानात येताना तिला चौकटीखाली मान वाकवावी लागते! कॉलेजच्या संघाची कॅप्टन, आणि कॉलेजचं हे तिचं शेवटचं वर्ष. सलग दोनदा संघ फायनलला जाऊन हरला होता आणि दोन्ही वेळा ती पाच फाउल होऊन बाहेर बसली होती, तोंडावर टॉवेल घेऊन. मास्तरांना ते बघवलं नव्हतं. यंदा पोरीच्या हातात कप दिसला पाहिजे, बास! दुसरं काही मागणं नव्हतं त्या माणसाचं.

आणि फायनल परवावर आलेली असताना दुकानात कोण यावं? साक्षात फायनलचा रेफ्री! हातात करड्या रंगाचं कापड.

"मास्तर, माझा शर्ट इस्त्रीनं जळला हो. परवापर्यंत नवा होईल का? फक्त हाताला मोकळा ठेवा. आमचं सगळं काम हातावर."

बाकड्यावरचे सगळे पुढे सरकले. सलूनवाला तर उठूनच उभा राहिला. पण मास्तर इतके गोड हसले, की त्यांच्या बायकोनंसुद्धा तसं हसू कधी पाहिलं नसेल.

"हाताला ना? काळजीच सोडा!"

फाउल द्यायचा तर रेफ्रीला शिट्टी वाजवून हात डोक्यावर न्यावा लागतो. आणि हात वरच गेला नाही तर? मास्तरांनी मुंढ्यात, म्हणजे बाही खांद्याला जोडतात तिथे, मस्त कापड दाबलं. बाहेरून शर्ट असा सुबक, की नवरदेवानं घालून मिरवावं!

रेफ्री शर्ट घालून बघायला आला. आरशापुढे उभा राहून हात उचलणार, तोच मास्तर किंचाळले, "हात खाली! टाचण्या आहेत अजून! टोचतील!"

बिचारा हात खाली ठेवूनच आरशात वळून वळून बघत राहिला. "फिटिंग झकास आहे," म्हणाला आणि शर्ट घेऊन गेला.

फायनलच्या दिवशी हॉल खचाखच भरला होता. मास्तर सलूनवाल्याच्या शेजारी जागा धरून बसले. खेळ सुरू झाला आणि थोड्याच वेळात चिमणीनं समोरच्या मुलीला खांदा मारला. रेफ्रीनं हात उचलला. हात खांद्यापर्यंत आला आणि थबकला. चेहरा असा झाला, जणू कुणी बगलेत चिमटा काढलाय. त्यानं हात खाली घेतला आणि खेळ तसाच पुढे जाऊ दिला.

"आज रेफ्री फार दिलदार दिसतोय," सलूनवाला कोड्यात पडला.

"देवमाणूस आहे!" मास्तर म्हणाले. अगदीच राहवलं नाही तेव्हा रेफ्री दात-ओठ खात हात वर करायचा, असे चिमणीचे तीन फाउल झाले. पण तीनच! ती मोकाट खेळत होती. मास्तरांना आनंदानं बसवेना.

शेवटचे काही सेकंद उरले. चिमणीचा संघ दोन गुणांनी मागे. चेंडू तिच्या हातात आला, तिनं लांबवरच्या रेषेबाहेरून उडी मारली आणि चेंडू सोडला. सुळकन बास्केटमध्ये! तेवढ्यात वेळ संपल्याचा भोंगा वाजला. तीन गुण! म्हणजे एका गुणानं सामना खिशात!

आता बाहेरून टाकलेल्या चेंडूचे तीन गुण द्यायला रेफ्रीला दोन्ही हात डोक्यावर न्यावे लागतात. तोही माणूसच, एवढा सुंदर चेंडू बघून त्यानं सगळं विसरून दोन्ही हात झोकात वर फेकले, आणि—

फर्रर्रर्र!

दोन्ही बगलांपासून कमरेपर्यंत शर्ट उभा फाटला. अख्खा हॉल हसायला लागला. रेफ्रीनं शरमेनं हात झटकन खाली घेऊन बरगड्या झाकल्या. टेबलावर गुण मांडणाऱ्या बाईंनी मान वर केली, तर हात खाली. त्यांनी दोनच गुण मांडले. बरोबरी!

"अहो, तीन! मी तीन दिले!" रेफ्री कळवळून म्हणाला.

"वा रे वा! आता आठवलं होय?" पलीकडच्या संघाचे कोच धावत आले. "हात तर खाली होते!"

मास्तरांना काय सुचलं कोण जाणे. ते दोन रांगा ओलांडून थेट मैदानात शिरले. "तीनच दिले त्यांनी! शर्ट फाटला म्हणून हात खाली आले! तंग शर्टाचं असंच होतं!"

"शर्ट तंग होता हे तुम्हाला कसं माहीत?" कोचनी विचारलं.

"मला नाही तर कुणाला? मीच शिवलाय!"

बोलून गेल्यावर मास्तरांनी जीभ चावली. पण बाण सुटला होता. चिमणी कमरेवर हात ठेवून बापाकडे बघत होती आणि तिचे कान लालेलाल झाले होते.

"कॅप्टनच्या वडिलांनी रेफ्रीचा शर्ट शिवला?" पलीकडचे कोच गरजले. "आणि तोही तंग?"

स्पर्धेच्या प्रमुख बाई उठल्या. "गुण दोनच राहतील. बरोबरी. पाच मिनिटं जादा खेळा. आणि मास्तर, तो शर्ट आत्ताच्या आत्ता नीट करून द्या. हातांना मोकळा!"

शिंप्याच्या कॉलरमध्ये सुई नसेल तर तो शिंपी कसला! मास्तर मैदानाच्या कडेला मांडी घालून बसले. शेजारी रेफ्री बनियनवर. डोक्यावर दोन्ही संघांचे कोच, पोलिसांसारखे उभे. आणि गॅलरीतून एक आवाज आला, "कुठल्या शिंप्यानं शिवला रे? टाके आहेत की थट्टा?"

हे मात्र मास्तरांच्या जिव्हारी लागलं. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातचा टाका कधी उसवला नव्हता! त्यांनी खिशातला निळा रुमाल फाडून दोन्ही बगलांत जोड दिला, दुहेरी शिवण घातली, दातानं दोरा तोडला. रेफ्रीनं शर्ट चढवला, हात वर केले, खाली केले, गरगर फिरवले.

"वा मास्तर! आता खरा शर्ट झाला!"

मास्तर अभिमानानं फुलले. पण फार वेळ नाही. खेळ सुरू झाला, चिमणीचं कोपर समोरच्या मुलीच्या बरगडीत गेलं, आणि रेफ्रीचा हात छतापर्यंत! चौथा फाउल! मिनिटभरात ती पुन्हा एकीवर आदळली. पुन्हा हात वर, निळा जोड झळकला. पाचवा! चिमणी बाहेर. तिचा संघ एका गुणानं हरला.

घरी जाताना मास्तरांनी भीत भीत विषय काढला. "चिमणे, त्या रेफ्रीनं शेवटी—"

"बाबा, गप्प बसा! दोन्ही फाउल खरे होते." तिनं टॉवेल खांद्यावर आपटला. "आणि आधीचेही खरेच होते, जे त्यांनी दिले नाहीत ते. दर वेळी हात उचलायचे, कळ यायची, सोडून द्यायचे. मी बघत होते ना! नीट शर्ट असता तर मी पहिल्या अर्ध्या तासातच बाहेर बसले असते."

"म्हणजे तंग होता तेच बरं..."

"हो! आणि तुम्ही उठून सगळ्या हॉलला सांगितलंत, वर स्वतःच्या हातानं सैलही करून दिलात! आणि कोण सांगत होतं तुम्हाला तंग करायला? तसला कप हातात घ्यायला लाज वाटली असती मला!"

बोलता बोलता तिला हुंदका फुटला आणि हुंदक्यातच हसू आलं. मास्तर मात्र रस्ताभर चपलांकडे बघत चालले.

दुसऱ्या दिवशी बाकडं भरलेलं होतं. सलूनवाला मुद्दाम गिऱ्हाइकाला साबण लावलेलंच सोडून आला. "मास्तर, मी हरलो बुवा! तुमचंच खरं. रेफ्रीच्या हातावर अख्खा निकाल फिरतो! काल उघड्या डोळ्यांनी पाहिलं!"

सगळे मास्तरांकडे बघायला लागले. मास्तरांनी कात्री उचलली, पुढ्यातली पँट ओढली आणि मान खाली घालून पुटपुटले, "छे छे! रेफ्री बिचारा काय करणार हो? सगळं खेळाडूंवरच असतं."