माती बसेपर्यंत

आमचे शेजारी पत्रूजी कोणाच्याही अंगणात शिरले की यजमानास नमस्कार करण्यापूर्वी खाली वाकतात आणि भूमीला हात लावतात. सकाळी जमिनीवर पाऊल टेकण्याआधी तिची क्षमा मागण्याचा संस्कार माझ्यावर लहानपणापासून झालेला. त्यामुळे या गृहस्थांची भूमिभक्ती पाहून प्रथमदर्शनीच माझे मन भरून आले. बौद्ध कुटुंबातील हा मनुष्य आपल्याहून अधिक श्रद्धेने भूमीस वंदन करतो, असे मी वर्षभर ज्याला त्याला सांगत होतो. पुढे एकदा त्यांच्यापाशीच तसे बोललो, तेव्हा त्यांनी मातीने भरलेला अंगठा शांतपणे माझ्यासमोर धरला.

"वंदन नाई, गुरुजी. अंगठा किती आत जाते ते पाहून राह्यलो. तुमची माती वरून कडक हाय, आतून नरम. तुमच्यावानीच."

पत्रूजींची सारी हयात चंद्रपूरजवळच्या एका खुल्या खाणीच्या प्रयोगशाळेत गेली. खाणीची भिंत किती उभी कापावी, उपसलेल्या मातीचा डोंगर किती उंच रचावा, म्हणजे तो खाली राबणाऱ्या माणसांवर येणार नाही, हे सांगणे त्यांचे काम. त्यासाठी ते मातीची वीतभर कांडी रबरात गुंडाळून पाण्याच्या दाबात उभी करीत आणि ती मोडेपर्यंत तिच्यावर भार वाढवीत जात. कांडी मोडली की म्हणत, "बोलली." त्यांचे आवडते वाक्य एकच: "दाबल्याबिगर स्वभाव कळत नाई." हे ते मातीविषयी म्हणत, खडकाविषयी म्हणत, आणि भाजीबाजारात वांग्यांविषयीही म्हणत, त्यामुळे वांगीवाल्या बाई त्यांना दुरून पाहताच टोपली पदराखाली घेत.

चाळीस वर्षे मुलांना संस्कृत शिकविल्यामुळे मला शब्दांचा अभिमान. आमच्या भाषेत पृथ्वीस 'सर्वंसहा' म्हणतात, सर्व काही सहन करणारी, असे मी त्यांना एकदा मोठ्या गौरवाने सांगितले. त्यांनी मान हलविली.

"सगळं नाई सहन करत, गुरुजी. एका हद्दीपर्यंत करते. ते हद्द काढासाठीच मले पगार होता."

त्या दिवसापासून तो शब्द उच्चारताना मी किंचित अडखळतो.

आमच्या देवघराच्या भिंतीस तडा गेला, तेव्हा मी शांतिपाठाचा विचार करीत होतो. पत्रूजींनी येऊन तड्यावर काचेची एक पट्टी सिमेंटने आडवी चिकटविली. भिंत हलली तर काच तुटेल, एवढीच त्यामागची युक्ती. पण त्यानंतर ते रोज सकाळी येत आणि आधी काचेची प्रकृती पाहत, मग माझी. मी तापाने फणफणलो असतानाही तोच क्रम. वैशाखात एके दिवशी काच तडकली. पत्रूजींचा चेहरा असा उजळला की पाहणाऱ्यास वाटावे, घरात पुत्रजन्म झाला आहे.

"पाहा, काळी माती उन्हानं आखडली. आता भिंतीच्या पायाभोवती रोज दोन बादल्या पाणी टाका. तुळशीले टाकता, मंग हिनं काय पाप केलं?"

मी स्नानानंतर तुळशीला आणि नंतर भिंतीच्या पायाला पाणी घालू लागलो. तडा वाढला नाही. देवाच्या कृपेचा आणि पत्रूजींच्या विद्येचा वाटा मी वेगळा काढीत बसलो नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी संगणक आणला. त्याच्या पडद्यावर ते जमिनीचा उभा छेद काढतात, तिचे जाळ्यासारखे बारीक चौकोन करतात, आणि वर भार ठेवला, पाऊस मुरला, पुन्हा ऊन पडले तर कोणता चौकोन किती खचेल, हे ताडून पाहतात. पाहुण्यांना चहाआधी हे चित्र दाखविले जाते. पाहुणे फार येत नाहीत.

त्यांच्या पत्नी सुमनबाई होत्या, तोवर चहा आधी येत असे. दोन वर्षांपूर्वीच्या ज्येष्ठात त्या गेल्या. त्यांना गावाबाहेरच्या दफनभूमीत मूठमाती दिली. तिथे ओटा बांधायचा असे ठरले, परंतु पत्रूजींनी गवंड्याला तीनदा परत पाठविले. कारण प्रत्येक वेळी एकच, माती बसली नाही.

यंदा दुसरा स्मृतिदिन जवळ आला, तशा सुमनबाईंच्या धाकट्या बहीण शांताबाई गोंडपिपरीहून येऊन थडकल्या. अंगाने भारी आणि जिभेने त्याहून भारी. दफनभूमीत सुमनबाईंच्या शेजारच्या, ओटा नसलेल्या दोन जागा पावसात सपाट होऊन हरवल्या होत्या. घरच्यांनाही त्या सापडेनात. उरलेला उंचवटा या पावसात गेला तर बहिणीची जागाही तशीच जाईल, ही त्यांची धास्ती खोटी नव्हती.

"भाऊजी, तिकडं कोरपन्यात सिमेंटचे अख्खे कारखाने उभे राह्यले, अन् तुमच्यानं एक ओटा नाई होऊन राह्यला?"

"कारखान्याखाली गोटा हाय, बाई. इथी भरलेली माती हाय. घाई केली का ओटा कलंडते."

"कलंडला तं मी खांदा लावून सरळ करीन. ओटा बांधल्याबिगर मी गावाले जात नाई."

पत्रूजींनीही तितक्याच निर्धाराने नकारार्थी मान हलविली. दोन्ही बाजू आपापल्या जागी घट्ट रोवलेल्या. शेवटी शांताबाई माझ्याकडे वळल्या. "गुरुजी, तुमचं ऐकतात ते. उद्या सकाळी चला आमच्यासंगं."

सकाळी आम्ही तिघे गेलो. उंचवट्याच्या दोन्ही टोकांना खोल रोवलेल्या लोखंडी खुंट्या होत्या. पत्रूजींनी त्यांना दोरा ताणून बांधला, दोऱ्यापासून मातीपर्यंत पट्टीने अंतर मोजले आणि वहीत लिहिले. हे ते रोज करीत. मी वही मागून घेतली. जुन्या पोथ्यांतील पुसट अक्षरे लावण्याची मला सवय. ही अक्षरे तर स्वच्छ होती. आरंभीच्या महिन्यांत आकडा रोज थोडा वाढत गेलेला, म्हणजे माती खाली जात होती. गेल्या दिवाळीपासून मात्र पानांमागून पाने एकच आकडा.

"पत्रूजी," मी म्हणालो, "ही माती तर केव्हाच बसली आहे."

त्यांनी दोरा सोडून बोटांभोवती गुंडाळला.

"बसली. दिवाळीतच बसली."

"मग?"

"रस्त्यात लोक विचारते, साहेब, रोज कुठी चालले? मी सांगतो, मोजाले चाललो. ओटा झाला का मोजाचं संपलं, गुरुजी. मंग काय सांगून येऊ?"

आमच्याकडे श्राद्ध आहे, तर्पण आहे. गेलेल्यांपाशी जाण्याचे निमित्त शास्त्रानेच हाती दिलेले आहे. ते स्वतः शोधावे लागणाऱ्या माणसाची कल्पना मला कधी शिवली नव्हती. मी वही मिटून त्यांच्या हाती दिली. बोलल्या त्या शांताबाई, आणि आवाज प्रथमच खाली आणून.

"सांगाचं काय लागते? बायकोकडं चाललो म्हणा."

पत्रूजींनी तिथेच उभ्या उभ्या गवंड्याला फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी यायला सांगितले. घरी परतल्यावर दुपारचे जेवणही न घेता ते संगणकापुढे बसले. शांताबाई ताट झाकून मागे उभ्या राहिल्या. पडद्यावर ओटा उमटला. त्याच्या डोक्यावर वरून खाली येणारे सारख्या लांबीचे बाण होते. ते म्हणजे दगडविटांचे वजन, एवढे मला एव्हाना कळत होते. पण ओट्याच्या कडेला एक बैठी पायरी होती आणि तिच्यावर एकच बाण वेगळा काढलेला होता.

"हा कोणता भार?" मी विचारले.

"हा बदलता भार, गुरुजी. रोज सकाळी येते, तासभर बसते, जाते."

"कोणाचा?"

"माहा."

शांताबाई वाकून पडद्याजवळ गेल्या. "किती किलो धरले?"

"साठ."

"अन् मी आली तं का उभी राहू? माहा बी काढा. लाजू नोका, जाडा काढा."

पत्रूजींनी चष्मा पुसला, दुसरा बाण काढला आणि पाया एक वीत रुंद केला.